हिस्ट्री पुसायची नाही

लातूर जिल्ह्यातल्या मुरुडच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यापासून जरा आत, एका खासगी संस्थेची शाळा आहे. तिथं वर्गात पोरं बाकावर पाय ठेवून बसतात, ग्रंथालयाच्या पायरीवर शेंगांची टरफलं पडलेली असतात, पण कॉम्प्युटर लॅबपुढं आली की तीच पोरं शहाण्यासारखी ओळीनं चपला काढतात. आत सगळं सोवळं. पाण्याची बाटली बाहेर, डबा बाहेर, खिशातल्या चिंचा बाहेर. हात ओले असले तर आधी पँटला नाहीतर ओढणीला पुसायचे आणि मगच माउसला लावायचे. खंडेनवमीला प्रत्येक मॉनिटरला कुंकवाचं बोट आणि झेंडूचं फूल मिळतं. सगळ्यात मोठा हार मात्र इन्व्हर्टरला, कारण वीज गेली की त्याच्याशिवाय कुणी वाली नाही.

त्या इन्व्हर्टरवर लाल रंगात लिहिलेलं होतं, 'कै. रामकिशन सोमवंशी यांच्या स्मरणार्थ, चिरंजीव भागवत यांजकडून सप्रेम भेट.' आपल्याकडं दान गुपचूप द्यायची पद्धत नाही. पंख्याच्या पात्यावर, खुर्चीच्या पाठीवर, पाण्याच्या टाकीवर कुणी ना कुणी गेलेला माणूस नावानिशी हजर असतोच. भागवतराव सोमवंशी शाळेच्या पालक समितीवर होते, त्यांची मुलगी वर्षाराणी ह्याच शाळेत नववीला होती, आणि लॅबमध्ये चार नंबरच्या मशीनवर, आजोबांच्या नावानं दिलेल्या विजेवर, ती टायपिंग शिकत होती.

आणि ह्या सगळ्या सोवळ्याची राखणदार होती नाझनीन म्याडम.

नाझनीन लातूरची. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत तिचे अब्बा पत्र्याच्या पेट्या करायचे. बारावी झाली आणि तिला नांदेडला दिली. नवरा मुज्तबा, कॉलेजच्या रस्त्यावर त्याचा नेट कॅफे. तो जेवायला वर गेला की ती काउंटरवर बसायची, आणि बसता बसता शिकली. कुणाचं मेल उघडंच राहिलेलं, कुणाचे फोटो स्क्रीनवर तसेच टाकून गेलेले, कुणी नोकरीचा अर्ज अर्धा लिहून रडून उठून गेलेला. माणसं आपलं किती काय दुसऱ्याच्या मशीनवर सांडून जातात, हे तिनं तिथंच बघितलं. मुज्तबा रोज संध्याकाळी एकेका मशीनपाशी जाऊन सगळी हिस्ट्री पुसायचा. एकदा तिनं विचारलं, बघतो तरी का काय आहे ते? तो म्हणाला, "गिऱ्हाइकानं काय बघितलं ते त्याचं त्याच्यापाशी. आपन फक्त झाडू मारायचा."

पुढं हातोहाती मोबाइल आले, कॅफे बसला. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मुज्तबाही गेला. नाझनीन लातूरला परत आली, आई बानोबीकडं आणि भाऊ अकरमकडं. अकरम मोटार वाइंडिंगचं काम करतो. त्याची मुलगी जेबा, वय चौदा, आत्याच्याच अंथरुणात झोपणारी आणि तिच्याच मोबाइलवर मेंदीची डिझाइनं बघणारी. भावजय काही बोलत नव्हती, पण स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज वाढला की नाझनीनला ऐकू यायचं. तेवढ्यात शाळेची नोकरी मिळाली. कंत्राटी. दरवर्षी जूनमध्ये नवीन ऑर्डर निघाली तर निघाली, नाही तर राम राम. अशा नोकरीत माणूस कसा होतो ते ज्यानं केली त्यालाच माहीत. मार्चपासून तो सगळ्यांना हसून नमस्कार करायला लागतो.

लॅबच्या भिंतीवर नियमांचा तक्ता होता. पासवर्ड कुणाला सांगू नये, अनोळखी माणसाला नाव, पत्ता, फोटो देऊ नये, काही वाईट दिसलं तर घाबरू नये, म्याडमना सांगावं. हे सगळे नियम सरकारी पुस्तकातले. शेवटचा मात्र नाझनीनचा स्वतःचा, मोठ्या अक्षरात : हिस्ट्री पुसायची नाही.

तो नियम कसा आला त्याचीही एक कथा आहे. आदल्या वर्षी दहावीच्या पोरांनी नको ते बघितलं, बघून पुसून टाकलं, आणि एका पोराच्या वडलांनी घरी त्याच्या तोंडून ऐकून संस्थेपर्यंत बोंब नेली. संस्थेची माणसं आली. पोरांना कुणी काही विचारलं नाही. विचारलं नाझनीनला, म्याडम तुम्ही काय करून राहिल्या होत्या? दुसऱ्या दिवशी तिनं तो नियम लिहिला. ज्याच्या मशीनची हिस्ट्री रिकामी सापडेल त्याच्या घरच्यांना बोलावणं जाणार. हेडसरांना, म्हणजे वीरभद्र स्वामी सरांना, ही कल्पना एवढी आवडली की दर शनिवारी सकाळी ते स्वतः लॅबमध्ये येऊन एकेका मशीनची हिस्ट्री पेपर वाचावा तशी वाचायला लागले. अभ्यासाबाहेरचं काही दिसलं की लगेच घरी फोन. सर मनानं वाईट नव्हते. त्यांना खरोखरच वाटायचं की आईबापाला सगळं कळलं म्हणजे पोरांचं भलं होतं.

तक्त्यावर तो नियम लिहिताना नाझनीनला मुज्तबाची आठवण झाली होती. तिला लाज वाटली होती. पण ऑर्डर जूनमध्ये निघायची होती.

आता गुरुवारचं सांगायचं. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये पेढ्यांचा बॉक्स आला. हेडसरांनी स्वतः फिरवला.

"भागवतरावांच्या वर्षाची सुपारी फुटली. रेणापूरचं स्थळ हाय, खताचं दुकान, शेतीला घरचं पाणी. वय जरा कमी हाय म्हणा, पण असं घर पुन्हा भेटत न्हाई. परीक्षा झाली की उरकून घेतेत."

सगळ्यांनी पेढा घेतला. गणिताच्या सरांनी दोन घेतले. महिनाभरापूर्वी ह्याच माणसांनी मैदानात उभं राहून, उजवा हात पुढं करून, बालविवाह होऊ देणार नाही अशी शपथ घेतली होती. शपथ हेडसरांनीच सांगितली होती, माइकवर. पाण्याच्या टाकीशेजारच्या भिंतीवर लहान मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर पिवळ्या रंगात तेव्हाच रंगवून घेतला होता. कुणाला आठवलं नाही असं नाही. नाझनीनलाही आठवलं. पण ती त्या स्टाफरूममध्ये कंत्राटी होती, बाई होती, आणि एकटीच मुसलमान होती. भागवतरावांच्या घरच्या कार्यात ती काय बोलणार? तिनं पेढा घेतला आणि खाल्ला. खव्याचा होता, चांगला होता.

शुक्रवारी शेवटचा तास नववीचा. तास सुटला, पोरं चपला हुडकत पळाली. चार नंबरवर वर्षाराणीशेजारी बसणारी ऋतुजाही गेली. वर्षाराणी मात्र मॉनिटरवर कव्हर घालत राहिली. एकदा घातलं, काढलं, परत घातलं. तेवढ्यात वीज गेली. इन्व्हर्टर थोडा वेळ कुंईकुंई करून गप्प झाला. त्याची बॅटरी कधीचीच उतरलेली होती. ज्यानं दान दिलं त्यालाच नवी बॅटरी कशी मागायची, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

"म्याडम," वर्षाराणी म्हणाली, "मी नियम मोडला न्हाई. काहीच पुसलं न्हाई."

"बरं केलंस. मग घाबरली कशाला?"

"उद्या शनिवार हाय."

नाझनीन तिच्याकडं बघत राहिली. नववीतली पोर, दोन वेण्या, टाइप करताना जीभ दातांत धरायची सवय. अख्ख्या वर्गात हीच एक अशी होती की जिला पासवर्ड विचारला तर म्याडमलाही सांगायची नाही.

"काय शोधलंस?"

पोरीनं खाली बघत सांगितलं. "लग्न ठरलं असंल आन थांबवायचं असंल तर काय करावं, ते बघितलं. तो भिंतीवरचा नंबर हाय ना, त्याला फोन केला तर कुणी केला ते घरी कळतं का, ते बघितलं. घरी फोन बाबांपाशीच असतोय म्याडम. दुसरीकडं कुठं बघू?"

"मग पुसलं का न्हाईस?" नाझनीनच्या तोंडून निघून गेलं.

"तुम्हीच म्हणल्या न्हवं का, हिस्ट्री पुसायची न्हाई म्हणून. पुसली की घरच्यांला बोलवतेत."

नाझनीनला तोंडात मारल्यासारखं झालं. पुसलं तरी भागवतरावांना बोलावणं, नाही पुसलं तरी भागवतरावांना फोन. पोरीला दोन्ही बाजूंनी कोंडलं होतं, आणि कोंडणारी ती स्वतः होती. चांगल्या मुलीनं म्याडमचं ऐकलं, एवढाच पोरीचा गुन्हा.

"बाबांला कळलं तर?" नाझनीननं विचारलं.

"शाळा बंद. परीक्षेला बी न्हाई थांबणार ते. चुलते सारखं म्हणून राहिलेत, कशाला ठेवता तोवर, आत्ताच उरकून टाका."

बाकीची हिस्ट्री तशीच ठेवून तेवढ्याच ओळी काढणं नाझनीनला येत होतं. दोन मिनिटांचं काम. पण वीज नव्हती. ती खिडकीच्या जाळीपाशी उभी राहून वाट बघत राहिली, बाहेर लातूरला जाणाऱ्या शेवटच्या जीपचा हॉर्न वाजायला लागला. ती जीप चुकली तर रस्त्यावर उभं राहायची सोय नव्हती.

"उद्या मी सगळ्यांच्या आधी येते," ती म्हणाली. "तू घरी काही बोलू नको."

वर्षाराणीनं मान हलवली. तिचा विश्वास बसला होता, आणि नाझनीनला त्याचीच धास्ती वाटली.

घरी आली तर जेबा दारातच, हातावर मेंदी काढून मिरवत होती. बानोबी म्हणाली, "क्या हुआ गे, मुँह उतरेला है?" नाझनीन म्हणाली, डोकं दुखतंय. आईला सांगितलं असतं तर आईनं एकच सांगितलं असतं, दुसऱ्यांच्या लग्नाकार्यात आपण पडू नये, त्यात हिंदूंच्या तर अजिबात नाही. आणि आईचं चुकलं असतं असंही नाही. गावात एकदा का लोकांच्या तोंडी गेलं की नाझनीन म्याडमनं पोरगी फितवली, तर मग प्रकरण लग्नाचं राहत नाही. ते वेगळंच होऊन बसतं. हे सगळं कळत असूनही तिला जेबाच्या मेंदीच्या हाताकडं बघवेना.

शनिवारी सकाळची शाळा. नाझनीन उजाडता उजाडता स्टँडबाहेर आली, पहिल्याच काळ्यापिवळ्या जीपमध्ये बसली, आणि अडकली. जीप भरल्याशिवाय निघत नाही हा आपल्याकडचा कायदा, त्याला कुठं अपील नाही. मागं दोन माणसं, मध्ये ती आणि एक म्हातारी, पुढं कुणीच नाही. ड्रायव्हर बाहेर उभा राहून मुरुड, मुरुड ओरडत होता. ती म्हणाली, "भैया, चला की, शाळा हाय." तो म्हणाला, "ताई, चार सीट येऊ द्या." दोन आल्या, एक उतरून गेली. म्हातारीला बोचकं टपावर टाकायचं होतं, मग तेच बोचकं परत मांडीवर घ्यायचं होतं. नाझनीनला वाटलं उतरावं आणि पळत सुटावं. एसटी होती, ती गावात शिरून वळसा घालून जायची. ती बसून राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून बोट पांढरं पडलं.

शाळेत पोचली तेव्हा प्रार्थनेला अजून वेळ होता, पण लॅबच्या दारात हेडसरांचे काळे बूट होते. मोजे आत कोंबलेले, टाचा भिंतीला लावलेल्या. तिनं चपला काढल्या आणि आत गेली.

सर चार नंबरवर बसले होते. वीज आलेली होती.

"या म्याडम," ते वळून न बघता म्हणाले. "हे काय हाय?"

तिनं बघितलं. पोरीनं सांगितलं होतं ते सगळं तिथं ओळीनं होतं, मराठीत, शुद्धलेखनाच्या चुकांसकट.

"चार नंबरवर कोण बसतं?" सरांचा आवाज खाली आला होता. त्यांना माहीत होतं कोण बसतं. विचारताना त्यांचं तोंड उतरलं होतं, कारण भागवतरावाला फोन लावायचा म्हणजे काय होईल ते त्यांनाही कळत होतं. पण लावला नसता असं नाही. दर शनिवारी लावायचे, मग भागवतराव म्हणून का नाही?

नाझनीनला एवढंच समजत होतं की आत्ता काहीतरी बोललं पाहिजे.

"मी बसले होते, सर. शुक्रवारी, पोरं गेल्यावर. मीच शोधलं ते."

"तुम्ही?"

"माझ्या भाचीचं... जेबाचं. माझ्या भावाची मुलगी. चौदा वर्षांची हाय. तिचं जमवून राहिलेत."

सरांनी खुर्ची फिरवली. त्यांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं आणि मग सुटकेचा श्वास. नाझनीननं तो श्वास सोडलेला स्पष्ट ऐकला. भागवतरावाची पोरगी नव्हती! सरांना इतकं हायसं वाटलं की ते एकदम मायाळू झाले.

"असं होय. मला वाटलंच होतं, आपल्याकडच्या पोरीला हे कुठनं सुचतंय. तुमच्यात अजून लई चालतं म्हणा हे."

ते वाक्य नाझनीननं गिळलं. जेबाच्या बापानं पोरीला डॉक्टर करायचं म्हणून आत्तापासून पैसे बाजूला टाकायला घेतले होते. तिचं लग्न हा शब्दही घरात कुणी काढला नव्हता. अख्ख्या गोतावर शिंतोडे उडाले, आणि ते तिनं आपल्याच हातानं उडवले होते. तिला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. सरांना वाटलं भाचीसाठी आलं.

"रडू नका. चला ऑफिसात. हे थांबवायचं. आत्ताच्या आत्ता."

"न्हाई सर, मी बघते, घरी बोलून..."

"अहो घरी बोलून काय होतंय? शपथ कशाला घेतली मग आपण? शाळेची जबाबदारी हाय." सर बूट घालता घालता बोलत होते, आणि बूट घालताना माणूस जसा ठाम होतो तसे ठाम होत चालले होते. दुसऱ्याच्या घरचं लग्न मोडायचं होतं. त्यात त्यांना कुणाचं तोंड बघायचं नव्हतं.

ऑफिसात टेबलावर गुरुवारचा पेढ्यांचा बॉक्स होता. झाकणावर रेणापूरच्या दुकानाचं नाव. सरांनी तो बाजूला सरकवला, खिशातून स्वतःचा मोबाइल काढला, खिडकीतून भिंतीवरचा नंबर वाचत लावला आणि स्पीकरवर टाकून टेबलाच्या मध्ये ठेवला. एक बाई बोलली. सरांनी घसा साफ करून आपलं नाव सांगितलं, मुख्याध्यापक म्हणून, मग शाळेचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. माइकवर बोलतात तसे बोलले. तिकडून बाईनं सगळं पुन्हा म्हणून दाखवलं आणि नोंदवून घेतलं.

"मुलीचं पूर्ण नाव सांगा, सर."

सरांनी मोबाइल नाझनीनकडं सरकवला. "सांगा म्याडम. भिऊ नका."

नाझनीनच्या डोळ्यांपुढं अकरमची गल्ली आली. त्या गल्लीत गाडी येऊन थांबणार, माणसं उतरणार, जेबाचं नाव विचारणार. अख्खा मोहल्ला दारात येणार. अकरम बहिणीकडं बघणार. आणि तिकडं चार नंबरची मुलगी, सगळं ठरल्याप्रमाणं, रेणापूरला जाणार. खोटं नाव सांगितलं तर एका पोरीचं वाटोळं आणि दुसरीची बदनामी. खरं सांगितलं तर जून नाही, लॅब नाही, आणि रोज जीपनं ह्या गावात यायचं तेही नाही. आणि काहीच न बोलता उठून जावं तर सर आत्ता लॅबमध्ये परत जातील, कारण ती खोटं बोलली ते त्यांना कळेल. बाहेर पडायची वाट कुठंच नव्हती.

"हॅलो? मॅडम?"

"वर्षाराणी," नाझनीन म्हणाली. "वर्षाराणी भागवत सोमवंशी. इयत्ता नववी."

सरांचा हात पेढ्यांच्या बॉक्सवर होता, तो तिथंच राहिला.

"मुलगी ह्याच शाळेतली आहे का?" बाईनं विचारलं. "सर? तुमच्या शाळेतली?"

नाझनीननं सरांकडं बघितलं. त्यांचं तोंड उघडं होतं. फोन कापायला बोटभर अंतर होतं. पण नाव त्यांचं दिलं होतं, शाळेचं दिलं होतं, तालुका-जिल्ह्यासकट, आणि मोबाइलही त्यांचाच होता. आता कापला तरी उद्या कुणीतरी विचारणार होतं, सर तुम्ही फोन का कापला. त्यांनी एकदा दाराकडं बघितलं. दार लावलेलं होतं.

"हो," ते म्हणाले. माइकवरचा आवाज कुठं गेला कुणास ठाऊक. "आमच्याच शाळेतली."

"वय?"

हे नाझनीन सांगू शकली असती, पण ती गप्प राहिली. सरांना ते पाठ होतं. गुरुवारी तेच म्हणाले होते, वय जरा कमी हाय म्हणून.

"पंधरा," सर म्हणाले.

बाईनं सांगितलं, आमची माणसं निघतात, दुपारपर्यंत पोचतील, तोवर मुलीला शाळेतच थांबवा, घरी पाठवू नका. फोन बंद झाला. सर म्हणाले, "भागवतरावानं माझ्या पोराच्या अॅडमिशनला धावपळ केली होती." मग म्हणाले, "जा. पोरीला लॅबात बसवा."

वर्षाराणी लॅबमध्ये चार नंबरपाशी उभी होती. तिला बघून म्हणाली, "म्याडम, पुसलं का तुम्ही?"

"न्हाई."

"मग आता पुसू?"

"राहू दे," नाझनीन म्हणाली. "हात लावू नको त्याला. तुझं तुला नको होतं हे लग्न, हे दाखवायला दुसरं काय हाय आपल्यापाशी?"

काय झालं ते तिनं सगळं सांगितलं, काही न लपवता. पेढाही सांगितला. पोर ऐकत राहिली. शेवटी तिनं एकच विचारलं, "आज घरी कळंल?" नाझनीन म्हणाली, कळेल. "मग मी घरी जाऊ कशी?" ते येणारी माणसं सांगतील, असं नाझनीन म्हणाली. तिला स्वतःला तेवढी खात्री नव्हती.

शनिवारची शाळा सकाळीच सुटते. घंटा झाली, मैदान मोकळं झालं, शिपाई वर्गांना कुलपं लावत गेला. लॅबच्या दारात चपलांचे दोनच जोड उरले. आत दोघी बसून होत्या, चार नंबर चालू ठेवून, स्क्रीन काळी पडली की माउस जरासा हलवत.

बऱ्याच वेळानं दारात बूट काढल्याचा आवाज आला. हेडसर आत आले, मोज्यांवर, हातात मोबाइल. तो थरथरत होता, थांबत होता, परत थरथरत होता.

"भागवतरावाचे फोन येऊन राहिलेत. पोरगी घरी का आली न्हाई म्हणून." ते तीन नंबरच्या खुर्चीवर बसले, कुणाच्या तरी स्मरणार्थ दिलेल्या. "ऑफिसात बसवत न्हाई."

सर खाली बघत म्हणाले, "म्याडम, सकाळी मी जे म्हणलो, तुमच्यात म्हणून..."

"असू द्या सर," नाझनीन म्हणाली. तिला ते असू द्यायचं नव्हतं, पण आत्ता त्याची वेळ नव्हती.

मोबाइल परत थरथरला. सरांनी तो पालथा घालून इन्व्हर्टरवर ठेवला. मग मोठ्या रस्त्यावर गाडीचा आवाज आला की तिघंही दाराकडं बघायचे. गाडी कुणाची आहे, लातूरहून येणाऱ्या माणसांची की भागवतरावांची, ते आतून दिसत नव्हतं.